फाइल-बदल सूचना यंत्रणा

संगणकाच्या साठवणीतील एखादी फाइल बदलली, नवी निर्माण झाली, तिचे नाव पालटले अथवा ती पुसली गेली, तर ती वार्ता इच्छुक आज्ञावलीस परिचालन प्रणालीने आपण होऊन कळविण्याची व्यवस्था. फाइलींची शोधसूची ठेवणाऱ्या आज्ञावली, मजकूर-संपादक, विषाणुप्रतिबंधक आज्ञावली, दोन संगणकांवरील प्रतींचा मेळ राखणाऱ्या सेवा इत्यादींचा कारभार या व्यवस्थेवर चालतो. ती नसल्यास प्रत्येक आज्ञावलीस ठराविक कालांतराने सर्व फाइली पुनःपुन्हा तपासाव्या लागतात. त्यात प्रक्रियकाचा वेळ व्यर्थ जातो, आणि दोन तपासण्यांच्या दरम्यान होऊन गेलेले बदल निसटतात ते वेगळेच. बहुतेक प्रमुख परिचालन प्रणालींत अशी व्यवस्था आहे. फ्रीबीएसडीमध्ये ती केक्यू या नावाने २००० मध्ये आली, तर ॲपल कंपनीच्या मॅक प्रणालीत एफएसइव्हेंट्स या नावाने २००७ मध्ये. प्रस्तुत नोंदीत लिनक्स प्रणालीतील यंत्रणेचा इतिहास दिला आहे. कारण लिनक्सची मूळ संहिता खुली असून तीतील दुरुस्त्या त्यांच्या कारणांसह नोंदलेल्या आहेत.

समस्येचे स्वरूप : पाळत ठेवू इच्छिणाऱ्या आज्ञावलीच्या वतीने प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) एक लहानशी नोंद ठेवावी लागते. कोणत्या फाइलीवर, कोणत्या प्रकारच्या बदलांसाठी आणि कोणाच्या वतीने पाळत आहे, हे तीत असते. या नोंदीस येथे ‘खूण’ म्हटले आहे. खूण दोन याद्यांत गुंफलेली असते. पहिली यादी फाइलीच्या बाजूची. कारण फाइल बदलताच तिच्यावरील सर्व खुणा हाती लागल्या पाहिजेत. दुसरी पाळत ठेवणाऱ्याच्या बाजूची. कारण ती आज्ञावली संपताच तिच्या सर्व खुणा काढून टाकाव्या लागतात. एकच रक्कम दोन खतावण्यांत मांडलेली असावी, त्या खतावण्या दोन निरनिराळ्या कारकुनांच्या हाती असाव्यात आणि दोघेही एकाच वेळी खाडाखोड करीत असावेत, तशी ही स्थिती आहे. अनेक प्रक्रियक असलेल्या संगणकात फाइल पुसली जाणे, पाळत उठविली जाणे आणि ती फाइल असलेला संपूर्ण खंड प्रणालीपासून विलग केला जाणे, ही तिन्ही कामे एकाच क्षणी चालू असू शकतात.

यादी हाताळताना गोंधळ होऊ नये म्हणून तिला कुलूप घातले जाते. ते ज्याच्याकडे असेल त्यानेच यादी बदलावी, इतरांनी थांबावे. दोन कुलपे लागत असतील, तर ती सर्वांनी एकाच क्रमाने घेतली पाहिजेत. एकाने पहिले घेऊन दुसऱ्याची आणि दुसऱ्याने दुसरे घेऊन पहिल्याची वाट पाहिली, तर दोघेही कायमचे अडकतात. कुलपांच्या जोडीला संदर्भगणना असते. एखाद्या वस्तूवर जितकी कामे अवलंबून असतील तितका आकडा तिच्यापाशी राखला जातो व तो शून्य होताच तिची स्मृती मोकळी केली जाते. मोकळी केलेली जागा लगेच दुसऱ्या वस्तूला दिली जात असल्याने, जुना पत्ता जवळ बाळगून असलेले काम परक्याच्या मजकुरात लिहू लागते. यामुळे संगणक बंद पडणे हे सौम्य अनर्थ होय. सामान्य वापरकर्त्यास याच वाटेने सर्वाधिकार बळकावता येणे, हा खरा धोका.

पहिल्या व्यवस्था : जानेवारी २००१ मध्ये प्रसृत झालेल्या लिनक्स २.४ मध्ये डीनोटिफाय ही व्यवस्था होती. तीत फक्त डिरेक्टरीवर पाळत ठेवता येई, आणि त्यासाठी ती डिरेक्टरी उघडून ठेवावी लागे. काही बदलले एवढेच एका संकेताद्वारे कळे. नेमकी कोणती फाइल बदलली हे आज्ञावलीने स्वतः धुंडाळावे, अशी अपेक्षा असे. डिरेक्टरी उघडी असेपर्यंत तो खंड विलग करता येत नसे, त्यामुळे काढघालीच्या तबकड्या वापरणाऱ्यांची विशेष अडचण होई. असे असले, तरी आयुर्मानाचा प्रश्न या व्यवस्थेत जवळजवळ उद्भवतच नसे. खुणेचे आयुष्य उघड्या डिरेक्टरीशी बांधलेले होते; ती मिटली की खूण संपे. गैरसोयीची म्हणून डीनोटिफायची पुष्कळ टवाळी झाली. पण तिची ही निर्धोकता पुढील व्यवस्थांना बराच काळ साधली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

जॉन मॅककचन व रॉबर्ट लव्ह यांनी तयार केलेली आयनोटिफाय ही व्यवस्था ऑगस्ट २००५ मध्ये लिनक्स २.६.१३ मध्ये आली. तीत फाइल उघडून ठेवण्याची गरज उरली नाही. खूण थेट आयनोडला, म्हणजे गाभ्यातील फाइलीच्या मूळ नोंदीला जोडली जाई. बदललेल्या फाइलीच्या नावासह घटना एका रांगेत जमा होत व आज्ञावली त्या सवडीने वाचून घेई. खूण असेपर्यंत आयनोड स्मृतीत धरून ठेवला जाई. मात्र ज्या खंडात तो आयनोड आहे त्या खंडाला खूण धरून ठेवीत नसे. खंड विलग होताना प्रणाली त्यातील आयनोडांवरून फिरून खुणा उपटून काढी आणि पाळत ठेवणाऱ्यास तसे कळवी. डीनोटिफायची मुख्य तक्रार अशा रीतीने दूर झाली. परंतु खुणेच्या आयुष्यात फाइल व पाळत ठेवणारा यांच्याखेरीज तिसरा भागीदार शिरला.

याचे परिणाम २००८ मध्ये दिसून आले. कुलपांचा ठरलेला क्रम असा होता, की आधी आयनोडचे आणि मग पाळत ठेवणाऱ्याच्या यादीचे कुलूप घ्यावे. पण पाळत उठविण्याची विनंती येते ती पाळत ठेवणाऱ्याच्या बाजूने, केवळ खुणेचा क्रमांक घेऊन. आयनोड कोणता, हे यादी उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून यादीचे कुलूप घ्यावे, खूण शोधावी, कुलूप सोडावे आणि मग योग्य क्रमाने दोन्ही कुलपे पुन्हा घ्यावीत, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. मधल्या निमिषात कोणतेच कुलूप हाती नसे. त्याच वेळी खंड विलग होऊ लागला, तर केवळ खुणेचा संदर्भ धरून ठेवणे पुरत नसे. विलगीकरणाचे काम त्या खुणेला ओलांडून पुढे जाई व आयनोडचा संदर्भ त्याच्या खंडापेक्षा अधिक काळ जगे. ॲल व्हिरो यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये केलेल्या दुरुस्तीत, खूण काढण्यापूर्वी खंडाच्या मुख्य नोंदीचाच सक्रिय संदर्भ मिळवावा आणि तो मिळत नसेल तर विलगीकरणाचे कुलूप घेऊन खंड अजून जिवंत आहे की नाही ते पाहावे, असा मार्ग काढण्यात आला. हा दोष स्थानिक वापरकर्त्यास अधिकारवाढ मिळवून देऊ शकेल अशी शक्यता असल्याने सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत तो सीव्हीई-२००८-५१८२ या क्रमांकाने नोंदला गेला.

एकत्रीकरण : डीनोटिफाय व आयनोटिफाय यांची यंत्रे तोवर स्वतंत्र होती. एरिक पॅरिस यांनी दोहोंखाली एकच पाया घातला. एफएसनोटिफाय या नावाने तो सप्टेंबर २००९ मध्ये लिनक्स २.६.३१ मध्ये आला. पाळत ठेवणारा तो ‘गट’, पाळतीची नोंद ती ‘खूण’ आणि वार्ता ती ‘घटना’, ही परिभाषा याच वेळची. कुलपे तीन झाली : खुणेचे स्वतःचे, गटाच्या यादीचे आणि आयनोडचे. खुणेचे कुलूप सर्वांत आधी घ्यावे, असा नियम होता. म्हणजे कोणत्याही बाजूने आले तरी, ज्या यादीतून खूण शोधायची तिचे कुलूप क्रमाने नंतरचे! त्यामुळे यादीचे कुलूप घेऊन खुणा संदर्भ वाढवून एका खासगी यादीत घ्याव्यात, कुलूप सोडावे आणि मग एकेक खूण नष्ट करावी, अशी रीत पाडावी लागली. लिनो सॅनफिलिपो यांच्या दुरुस्त्यांनी हा क्रम बदलला. फेब्रुवारी २०१३ मधील लिनक्स ३.८ पासून गटाचे कुलूप पहिले झाले आणि गट नष्ट करण्याचे काम पुष्कळ सरळ झाले.

दरम्यान विषाणुप्रतिबंधक आज्ञावलींच्या गरजेतून फॅनोटिफाय ही तिसरी व्यवस्था जन्मास आली. तिची संहिता ऑक्टोबर २०१० मधील २.६.३६ मध्ये होती, पण ती प्रत्यक्ष वापरास खुली झाली ती जानेवारी २०११ मधील २.६.३७ पासून. हिचे वैशिष्ट्य असे, की ती केवळ वार्ता देत नाही, तर परवानगीही विचारते. एखादी फाइल उघडली जात असता उघडणाऱ्यास थोपवून धरले जाते आणि पाळत ठेवणाऱ्या आज्ञावलीने होकार दिल्यावरच त्यास पुढे जाऊ दिले जाते. या एका सोयीने यंत्रणेचा सर्वांत अवघड पेच निर्माण केला.

खुणांची यादी वाचणे हे अत्यंत वारंवार घडणारे काम. प्रत्येक वाचनास कुलूप घेणे परवडत नाही. त्यासाठी एसआरसीयू ही पद्धती अवलंबिली गेली. तिचा आधार असलेली आरसीयू पद्धती पॉल मॅकेनी प्रभृतींनी विकसित केली असून लिनक्समध्ये ती २००२ पासून वापरात आहे. तीत वाचक कुलूप घेत नाही, फक्त आपण वाचत असल्याची खूणगाठ ठेवतो. यादीतून वस्तू काढणारा ती आधी यादीबाहेर करतो. तिला पाहिलेले सर्व वाचक बाहेर पडेपर्यंत थांबतो आणि मगच तिची स्मृती मोकळी करतो. एसआरसीयू या प्रकारात वाचकास मध्येच निद्रिस्त होण्याची, म्हणजे प्रक्रियक सोडून वाट पाहण्याची, मुभा असते.

परवानगीची वाट पाहणारा हा असाच निद्रिस्त वाचक होय. तो यादीच्या मध्यावर थांबलेला असतो आणि त्याची सुटका गाभ्याबाहेरच्या एका आज्ञावलीच्या उत्तरावर अवलंबून असते. ती आज्ञावली सदोष असून उत्तरच देत नसेल, तर वाचक बाहेर पडत नाही. वाचक बाहेर पडत नाही म्हणून काढलेल्या खुणांची स्मृती मोकळी होत नाही. सर्व गटांसाठी वाचकांची नोंदवही एकच असल्याने, त्या फाइलीशी काडीचाही संबंध नसलेली कामे एकामागून एक खोळंबतात आणि अखेर संपूर्ण सूचना-यंत्रणा ठप्प होते. वाट पाहण्यापूर्वी वाचकाने यादी सोडून द्यावी, तर परत आल्यावर आपण कोठे होतो हे सापडण्यासाठी ती खूण यादीत शाबूत राहिली पाहिजे. अन्यथा यादीतील पुढच्या गटांच्या घटना हरवतील. खूण यादीत राहिली, तर तिच्या रचनेनुसार आयनोडही स्मृतीत अडकून पडणार. आणि आयनोड मोकळे करण्याचे काम अडले, तर संगणक दुसऱ्याच ठिकाणी गोठणार.

यान कारा यांनी २०१७ मध्ये या परस्परविरोधी गरजांची जी सोडवणूक केली, ती या इतिहासातील सर्वांत विचारपूर्ण रचना म्हणावी लागेल. खुणांची यादी आजवर आयनोडमध्येच रोवलेली होती. ती उपटून त्यांनी एका स्वतंत्र लहान वस्तूत ठेवली. तिला कनेक्टर म्हणतात. आयनोड कनेक्टरकडे आणि कनेक्टर आयनोडकडे केवळ बोट दाखवितात. यादी व तिचे कुलूप कनेक्टरपाशी असतात. परवानगी मागणारा वाचक हातातील खुणांची संदर्भगणना वाढवितो, वाचक म्हणून असलेली नोंद रद्द करतो, उत्तराची वाट पाहतो आणि उत्तरानंतर पुन्हा नोंद करून तेथूनच पुढे सरकतो. तोवर आयनोड नाहीसा होऊ लागला, तर कनेक्टरशी असलेला संबंध तोडून तो निघून जाऊ शकतो. कनेक्टर मात्र शेवटची खूण असेपर्यंत टिकतो. उत्तर न देणाऱ्या आज्ञावलीचा जाच तिच्या स्वतःच्या गटापुरता मर्यादित झाला, कारण आता गट नष्ट करणाऱ्यासच त्या गटातील अडकलेल्या वाचकांसाठी थांबावे लागते. हे बदल जुलै २०१७ मधील लिनक्स ४.१२ मध्ये प्रसृत झाले.

त्याच उन्हाळ्यात एक निराळाच दोष उघडकीस आला. घटनेबरोबर फाइलीचे नाव द्यावयाचे असता प्रथम नावाची लांबी मोजली जाई, तेवढी जागा मिळविली जाई आणि मग नाव उतरवून घेतले जाई. मोजणे आणि उतरविणे यांच्या दरम्यान दुसऱ्या प्रक्रियकावर त्याच फाइलीचे नाव बदलून लांब केले गेले, तर नाव जागेत न मावता शेजारच्या स्मृतीवर सांडे. खूण, आयनोड, खंड या सर्वांच्या आयुष्याची काळजी वाहणाऱ्या संहितेत नावालाही आयुष्य असते हे मात्र निसटले होते. सीव्हीई-२०१७-७५३३ या क्रमांकाचा हा दोष २०१४ मधील ३.१४ पासून ४.१२ पर्यंतच्या आवृत्त्यांत होता. आखूड नावाची प्रत आधीच काढून ठेवावी व लांब नावाचा संदर्भ धरून ठेवावा, या उपायाने तो दूर झाला.

अलीकडील घडामोडी : आयनोड धरून ठेवण्याची किंमत स्मृतीत मोजावी लागते. चौसष्ट बिटी संगणकावर आयनोटिफायची एक खूण आयनोडसह सु. १ किलोबाइट अडविते. यामुळे एका वापरकर्त्यास ८,१९२ खुणा, अशी मूळची मर्यादा होती. फेब्रुवारी २०२१ मधील ५.११ पासून ती संगणकाच्या स्मृतीच्या मानाने, १ टक्क्याच्या हिशेबाने, पण जास्तीत जास्त १०,४८,५७६ इतकी ठरविली जाते. फॅनोटिफायमध्ये डिसेंबर २०१८ पासून (४.२०) संपूर्ण खंडावर एकच खूण लावता येऊ लागली, मे २०१९ पासून (५.१) फाइल उघडून देण्याऐवजी तिची केवळ ओळख कळविण्याचीही सोय झाली. या दोन्हींमुळे वस्तू अकारण जिवंत ठेवण्याचे प्रसंग कमी झाले.

जुलै २०२२ मधील ५.१९ मध्ये अमीर गोल्डस्टीन यांनी याच दिशेने पुढचे पाऊल टाकले आणि आयनोड मुळीच धरून न ठेवणाऱ्या खुणा उपलब्ध झाल्या. स्मृतीची चणचण भासली, की असा आयनोड खुणेसह टाकून दिला जातो. मात्र त्यासाठी कुलपांची व्यवस्था पुन्हा तपासावी लागली. गटाचे कुलूप हाती असताना नव्या खुणेसाठी स्मृती मागितली, तर स्मृती-व्यवस्था जुने आयनोड टाकून देऊ लागते. त्यांतील एकावर त्याच गटाची खूण असल्यास ती काढण्यासाठी तेच कुलूप हवे असते, आणि काम स्वतःचीच वाट पाहत बसते. पूर्वी खूण असलेला आयनोड टाकलाच जात नसल्याने हा प्रसंग संभवत नव्हता. तेव्हापासून अशा खुणा वापरणारा गट आपले कुलूप हाती असेपर्यंत स्मृती मागताना फाइल-व्यवस्थेच्या वाटेस जाण्यास मनाई करतो.