कॉलेजचा खेळाडू आणि जाहिरातीचा पैसा



"खेळून पोट भरते काय?" हा प्रश्न आपल्या घरांतून अजून विचारला जातो, आणि तो विचारणारे वडीलधारे चूक आहेत असेही म्हणवत नाही. आपल्याकडे खेळाडू विद्यार्थ्याला फार तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे नशीब असेल तर रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी. अमेरिकेत मात्र 1 जुलै 2021 पासून कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी आपले नाव, चेहरा आणि कीर्ती जाहिरातीसाठी देऊन उघडपणे पैसे घेऊ शकते. तोवर असे करणाऱ्याला संघातून काढून टाकीत. हा बदल कसा झाला आणि त्याने संघांचे काय झाले, ते आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक लहानसे कारण घडले. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि शाळा सुटल्यावर फुटबॉलच्या संघाबरोबर मैदानावर असतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या संघातील सर्वाधिक गोल करणाऱ्या मुलाला गावातील एका दानशूर गृहस्थांनी चांगले बूट घेऊन दिले. हेतू अगदी नेक होता. पण पुढच्या आठवड्यात मी पाहिले, तर त्या मुलाकडे चेंडू येईनासा झाला. आमचा गोलरक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, गोल अडवल्याचे काय मिळते?" मला उत्तर देता आले नाही. एका बुटाच्या जोडाने आमच्यात एवढे झाले, मग जिथे लाखो डॉलर येतात तिथे काय होत असेल, म्हणून मी वाचू लागलो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. पूर्वी अमेरिकन कॉलेजातील खेळ निर्मळ होता आणि 2021 साली त्यात पैसा शिरला, असे पुष्कळ लोक मानतात. हे खरे नाही. दोन कॉलेजांमधील अमेरिकेतली पहिली क्रीडास्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येल यांची 1852 सालची होड्यांची शर्यत. ती न्यू हॅम्पशायरमधील विनिपसॉकी सरोवरावर झाली आणि दोन्ही संघांचा प्रवास व मुक्काम यांचा खर्च केला एका रेल्वे कंपनीने. कंपनीला त्या सरोवराकडे प्रवासी ओढायचे होते. जिंकणाऱ्यांना चांदी मढवलेली वल्ही मिळाली. म्हणजे पहिल्याच दिवशी जाहिरात होती. हिशेब तेवढा कंपनीच्या वहीत राहिला.

पुढे तिकडचा फुटबॉल वाढला. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळावयाचा, अंगावर आदळण्याचा खेळ आहे तो. मुले इतकी जायबंदी होऊ लागली, काही दगावली, की 1905 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी केली. त्यातून 1906 साली एक नियामक संस्था निघाली. 1910 पासून तिचे नाव एन.सी.ए.ए. झाले. जीव वाचवण्यासाठी जन्मलेली ही संस्था पुढे खेळाडूच्या खिशावर पहारा देण्यात अधिक गुंतली, असे माझे मत आहे.

खेळाडूने पैशाला हात लावू नये, या नियमाची झळ कोणाला लागली पहा. जिम थॉर्प हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, कार्लाइल येथील शाळेचा विद्यार्थी. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. पण 1909 आणि 1910 च्या उन्हाळ्यात तो किरकोळ मोबदल्यावर एका छोट्या संघाकडून बेसबॉल खेळला होता, हे उघडकीस आले आणि 1913 साली दोन्ही पदके परत घेण्यात आली. त्या काळी सुटीत असे खेळणारे कॉलेजकुमार पुष्कळ होते, पण ते खोटे नाव घेऊन खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला! 1953 साली तो वारला. त्याच्या मुलांना पदके मिळाली ती 1983 साली, आणि तो एकटाच विजेता असल्याचे ऑलिम्पिक समितीने मान्य केले 2022 साली.

खोटे नाव घेणारे सुटले आणि खरे सांगणारा अडकला, ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची शंभर वर्षे हेच चालले. 1929 साली कार्नेगी प्रतिष्ठानने कॉलेजांच्या खेळाची मोठी पाहणी केली, तेव्हा दर चार कॉलेजांमागे जवळजवळ तीन कॉलेजे खेळाडूंना या ना त्या रूपाने आमिष दाखवीत असल्याचे आढळले. कोणाला न करावयाच्या कामाचा पगार, तर कोणाला माजी विद्यार्थ्यांच्या थैलीतून रक्कम. 1956 पासून खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास रीतसर परवानगी मिळाली. शिक्षण, राहणे, जेवण यांचा खर्च मिळे, वर काही नाही.

याच सुमारास "विद्यार्थी-खेळाडू" असा जोडशब्द प्रचारात आला. ऐकायला गोड आहे. पण त्यामागची कहाणी कडू आहे. कोलोरॅडोतील फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन 1955 साली सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. 1957 साली तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू हा विद्यार्थी आहे, नोकर नाही, ही भूमिका टिकावी यासाठीच तो शब्द घडवला गेला, असे एन.सी.ए.ए.चे अनेक वर्षे प्रमुख असलेल्या वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच लिहिले. 1995 साली, निवृत्तीनंतर, त्यांनी आपणच उभारलेल्या व्यवस्थेविरुद्ध पुस्तक लिहिले. खुर्ची सुटल्यावर माणसाला दिसू लागते, दुसरे काय!

दरम्यान पैसा वाढतच होता. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांच्या दूरदर्शन हक्कांवरील एन.सी.ए.ए.ची मक्तेदारी मोडली आणि कॉलेजांना आपापले सामने विकता येऊ लागले. 2010 साली केवळ बास्केटबॉलच्या वार्षिक स्पर्धेचे हक्क चौदा वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरना गेले. प्रशिक्षकांचे पगार विद्यापीठाच्या कुलगुरूंहून मोठे झाले. खेळाडूने मात्र कोणाकडून जेवणही घ्यावयाचे नाही.

उघड दार बंद असले की मागचे दार उघडते. टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात पूर्वी शिक्षा होऊनही तेरा फुटबॉलपटूंना एका गुप्त निधीतून सुमारे 61,000 डॉलर वाटले गेले होते. मुलांना दिलेले वायदे मध्येच मोडता येत नाहीत म्हणून हळूहळू बंद करू, असे वरिष्ठांनी ठरवले होते, आणि विश्वस्त मंडळाचे माजी अध्यक्ष, जे राज्याचे गव्हर्नर झाले होते, त्यांना हे ठाऊक होते. त्यांनी तशी कबुलीही दिली. 1987 सालचा पूर्ण हंगाम रद्द झाला, 1988 चा विद्यापीठाने स्वतः सोडला. ज्यांनी एक डॉलरही घेतला नव्हता त्या खेळाडूंचेही संघ नाहीसा झाला. पैसा चोरून आला म्हणजे शिक्षा सर्वांना मिळते.

नियम किती विचित्र होता याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. जेरेमी ब्लूम हा बर्फावर स्की करणारा ऑलिम्पिकपटू आणि त्याच वेळी कोलोरॅडो विद्यापीठाचा फुटबॉलपटू. स्कीचा खर्च जाहिरातदार देत. नियम असा होता की दुसऱ्या खेळात पगार घेतलेला चालेल, जाहिरातीचे पैसे चालणार नाहीत. स्कीमध्ये पगार नसतोच! तो न्यायालयात गेला, हरला, आणि 2004 साली कॉलेज फुटबॉलमधून बाद झाला.

भिंतीला खरी भेग पाडली एड ओबॅनन याने. 1995 साली लॉस एंजेलिसच्या यू.सी.एल.ए. विद्यापीठाला बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळवून देणारा हा खेळाडू पुढे मोटारी विकण्याच्या धंद्यात होता. एका मित्राच्या घरी त्याने एक व्हिडिओ गेम पाहिला. पडद्यावर त्याचाच अंगलोट, त्याचाच क्रमांक, तोच डावखुरा नेम. गेम विकला जात होता, याला काही मिळत नव्हते. त्याने 2009 साली दावा लावला आणि 2014 साली न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. 2019 साली कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला, आणि जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात नऊ विरुद्ध शून्य मतांनी एन.सी.ए.ए.विरुद्ध कौल दिला. दहा दिवसांत जाहिरातीवरील बंदी उठली.

पहिल्याच दिवशी, 1 जुलै 2021 रोजी, फ्रेस्नो येथील जुळ्या बहिणी हेली आणि हॅना कॅव्हिंडर यांनी मोबाईल कंपनीशी करार केला. त्या बास्केटबॉल खेळत. मुलींच्या खेळाला दूरदर्शनवर जागा कमी, म्हणून मुलींना यातून काही मिळणार नाही असे भाकीत करणारे चुकले. कनेक्टिकटची पेज ब्यूकर्स त्याच वर्षी एका मोठ्या पेय कंपनीची पहिली कॉलेज खेळाडू ठरली. गमतीचाही एक करार झाला. नेब्रास्काच्या एका फुटबॉलपटूचे नाव डिकोल्डेस्ट, म्हणजे "सर्वांत थंड". त्याला 2022 साली वातानुकूलन यंत्रे बसवणाऱ्या कंपनीने उचलले. आईबापांनी ठेवलेले नावही असे कामी येते.

आता संघाची गोष्ट. माझ्या गोलरक्षकाचा प्रश्न तिथेही उभा राहिला, आणि काही ठिकाणी त्याचे उत्तर सुचले. ऑगस्ट 2021 मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघाशी एका खाद्यपदार्थ कंपनीने करार केला, तो एका ताऱ्याशी नव्हे तर साऱ्या संघाशी. त्यात जे शिष्यवृत्तीविना, स्वतःची फी भरून खेळतात त्यांना वर्षाच्या फीइतकी रक्कम मिळाली. टेक्सासमध्ये त्याच वर्षाच्या अखेरीस एका हितचिंतक संस्थेने संघाच्या आघाडीच्या फळीतील शिष्यवृत्तीधारकांना प्रत्येकी वर्षाला 50,000 डॉलर जाहीर केले. ही मुले समोरच्यांना छातीवर घेतात, चेंडू त्यांच्या हाती येत नाही आणि छायाचित्रात त्यांची पाठ दिसते.

पण सगळीकडे असे झाले नाही. श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी "कलेक्टिव्ह" नावाचे निधी उभारले. नाव जाहिरातीचे, काम चांगले खेळाडू गोळा करण्याचे. त्यात 2021 सालीच कॉलेज एकदा बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि 2024 पासून कितीही वेळा बदला. पूर्वी मुलगा चार वर्षे एका प्रशिक्षकाच्या हाताखाली घडे. आता दर हिवाळ्यात निम्मा संघ नवा, अशी पाळी काही कॉलेजांवर येऊ लागली. लहान कॉलेज शोधून काढते, शिकवते, आणि मोठे कॉलेज उचलून नेते. आपल्या लहान गावांतील शाळांना हे दुःख सांगावयास नको.

सप्टेंबर 2024 मध्ये लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठात घडलेली घटना या साऱ्याचे सार आहे. संघ तिन्ही सामने जिंकून उभा होता. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव मांडणारा प्रमुख खेळाडू मॅथ्यू स्लूका याने एकाएकी हंगाम सोडला. त्याच्या बाजूचे म्हणणे असे की एक लाख डॉलरचे तोंडी वचन मिळाले होते, ते पाळले गेले नाही. विद्यापीठाने तसे काही कबूल केल्याचे नाकारले. कागद कुठेच नव्हता. एक लाखाचा व्यवहार तोंडी! आपल्याकडे म्हैस घेतानाही दोन साक्षीदार लागतात. गंमत पुढे आहे. त्याच्या जागी हज्ज-मलिक विल्यम्स हा राखीव खेळाडू आला, पुढचाच सामना 59 विरुद्ध 14 ने जिंकला, आणि संघाने त्या हंगामात अकरा सामने जिंकले. त्या संघात बाकी पोरांची मने एकमेकांत गुंतलेली असावीत, असे मला वाटते. पैशाने ती तुटली नाहीत, इतकेच त्या निकालावरून दिसते.

6 जून 2025 रोजी त्याच न्यायाधीश विल्कन यांनी एक मोठी तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे 2.8 अब्ज डॉलर भरपाई दहा वर्षांत द्यावयाची, आणि ज्या विद्यापीठांना मान्य असेल त्यांनी 2025-26 साली सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटावयाची. बाहेरचा सहाशे डॉलरवरचा प्रत्येक करार आता नोंदवावा लागतो. सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो, पोहणारे आणि कुस्तीगीर मागे राहतात. शिवाय तडजोडीने संघाची संख्या बांधली, फुटबॉलला 105. पूर्वी शिष्यवृत्त्या 85 च असत, पण फी भरून खेळणारे कितीही घेता येत. आता ज्यांना शिष्यवृत्ती मिळेल ते वाढले, आणि नुसत्या हौसेने सरावाला येणाऱ्या मुलासाठी जागा उरली नाही. कित्येकांना यामुळे संघ सोडावा लागेल असे दिसल्यावर न्यायाधीशांनी मंजुरीपूर्वी तडजोड थांबवून त्यांच्यासाठी वाट काढावयास लावली.

ज्या पालकांची मुले अमेरिकेत शिकण्याची स्वप्ने पाहतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसावर तेथे बाहेरचे काम करून कमाई करण्यास कडक मर्यादा आहेत, आणि जाहिरातीचा करार त्यातच अडकतो. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक ईडी हा कॅनडाचा सात फूट चार इंच उंचीचा बास्केटबॉलपटू, 2023 आणि 2024 अशी दोन्ही वर्षे देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. त्याचे अमेरिकन सोबती स्थानिक दुकानांच्या जाहिरातींत दिसत असताना त्याला मात्र ती वाट मोकळी नव्हती. सराव तोच, घाम तोच, संघ तोच. तरी तो पर्ड्यू सोडून गेला नाही. 2024 साली त्याने आपल्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले, तो ते हरले, आणि त्यानंतरच तो पैशाच्या खेळाकडे वळला.