मुलं भेटवस्तू उघडतात तेव्हा आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी का येतं?

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की पिंपळी लागतं, पुढे काटेवाडी, मग भवानीनगरचा छत्रपती कारखाना. हा सगळा उसाचा पट्टा. इथल्या घरांत मुलांना काहीतरी नवीन मिळण्याचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या एकच होता, तो म्हणजे दिवाळी. अलीकडे त्यात दुसऱ्याची भर पडली आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांमुळे २५ डिसेंबरला लाल टोपी आली, सांताक्लॉज आला आणि "सांता मला काय देणार?" हा प्रश्नही आला.

सण कुठलाही असो, घरातलं दृश्य तेच असतं. पोरगं पिशवीत हात घालतं, कागद टराटरा फाडतं, आतली वस्तू बघून ओरडतं. आणि आईबाप बाजूला उभे राहून वस्तूकडे नाही, पोराच्या तोंडाकडे बघत असतात. आई हसत असते आणि पदराने डोळेही टिपत असते. बाप उगाचच "हळू, मोडशील" म्हणून दटावतो.

नेमकं काय चालू असतं तेव्हा त्यांच्या मनात?

आनंद, पण एकटा नाही

मराठीत या अवस्थेला चांगले शब्द आहेत. ऊर भरून येणं, गहिवरणं, भरून पावणं. यातला एकही शब्द निव्वळ आनंदाचा नाही, प्रत्येकात थोडं पाणी आहे.

माणूस एकाच वेळी सुखी आणि दुःखी असू शकतो का, हा मानसशास्त्रातला जुना वाद. २००१ मध्ये जेफ लार्सन आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. 'लाइफ इज ब्यूटिफुल' हा सिनेमा पाहून बाहेर पडणारे प्रेक्षक, पदवीदानाच्या दिवशीचे विद्यार्थी, वसतिगृह सोडून जाणारी मुलं अशांना त्यांनी प्रश्न विचारले. एरवीच्या दिवसांपेक्षा अशा वेळी दोन्ही भावना एकत्र असल्याचं सांगणारे बरेच जास्त निघाले. या तिन्ही प्रसंगांत काहीतरी मिळतंय आणि काहीतरी संपतंय. मुलाच्या भेटवस्तूचंही तसंच आहे. गेल्या वर्षी टिकल्यांच्या पिस्तुलावर खूश होणारं पोर यंदा सायकल मागतं, तेव्हा सायकल घेऊन देणाऱ्याला हेही कळतं की पिस्तुलाचं वर्ष गेलं.

पण उसाच्या पट्ट्यात ही भावना समजून घ्यायची तर आधी पैशाकडे बघावं लागेल.

हप्ता, बोनस आणि सुटकेचा श्वास

माळेगाव, सोमेश्वर आणि छत्रपती हे या भागातले जुने सहकारी साखर कारखाने. दिवाळीच्या तोंडावर सभासदांना उसाच्या बिलाचा हप्ता मिळतो आणि कामगारांना बोनस. एमआयडीसीतल्या कामगारांचे डोळेही बोनसकडेच. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के ठरवलेला आहे. हा आकडा विचित्र दिसतो, पण वर्षाच्या पगाराचा बारावा भाग काढला की तेवढाच येतो. म्हणजे एका महिन्याचा पगार.

त्यामुळे मुलाच्या अंगावरचा नवा शर्ट हा नुसता शर्ट राहत नाही. हप्ता वेळेवर पडला, उधारी भागवून चार पैसे उरले, यंदा पोरापुढे मान खाली घालावी लागली नाही, हे सगळं त्यात असतं. बापाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यातला मोठा भाग सुटकेचा असतो. हप्ता लांबला त्या वर्षी हीच माणसं पोराला "पुढच्या महिन्यात घेऊ" कशी सांगतात ते पाहिलं की याची खात्री पटते.

दुसरी गोष्ट स्वतःच्या बालपणाची. आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांना घरातल्या सगळ्या भावंडांचे कपडे एकाच ताग्यातून शिवलेले आठवतात. तेही वाढत्या अंगाचे, म्हणजे पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या आणि तिसऱ्या वर्षी शिवण उसवायची. त्यांच्या आईवडिलांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या जिरायती गावांत त्या काळी सुकडी आणि रोजगार हमीची खडी हीच आठवण होती. अशा घरातला माणूस मुलासाठी रिमोटची गाडी आणतो तेव्हा तो दोन मुलांसाठी ती आणत असतो. एक समोर बसलेलं, दुसरं तीस वर्षांपूर्वी दुकानाच्या काचेबाहेर उभं राहिलेलं. गाडी पहिल्यांदा चालवून कोण बघतं, हे कुठल्याही घरात विचारा.

देण्याचा आनंद मोजला तेव्हा

देणाऱ्याला खरंच जास्त आनंद होतो की हे बोलायचं? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एलिझाबेथ डन, लारा ॲकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी याची परीक्षा घेतली. सकाळी लोकांना ५ किंवा २० डॉलर दिले. काहींना सांगितलं, संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा. काहींना सांगितलं, दुसऱ्यासाठी खर्च करा. संध्याकाळी दुसऱ्यासाठी खर्च करणारे जास्त आनंदी निघाले. ५ डॉलर होते की २०, याने फरक पडला नाही. हा अभ्यास २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला.

पुढे एड ओब्रायन आणि सामंथा कॅसिरर यांनी सलग पाच दिवस रोज ५ डॉलर देऊन तीच तीच गोष्ट करायला लावली. स्वतःवर खर्च करणाऱ्यांचा आनंद दिवसागणिक उतरत गेला. दुसऱ्याला देणाऱ्यांचा मात्र फारसा उतरला नाही. दर दिवाळीला तेच दृश्य बघून आईबाप कंटाळत का नाहीत, याचं एक उत्तर इथे आहे.

आता यातली गोम. २०१८ मध्ये ॲडेल यांग आणि ओलेग अर्मिन्स्की यांनी दाखवून दिलं की भेट निवडताना माणूस बऱ्याचदा समोरच्याच्या पुढच्या समाधानापेक्षा त्या क्षणाच्या हसण्याकडे बघून निवडतो. घेणाऱ्याला मात्र पुढे जास्त काळ समाधान देणारी वस्तू बरी वाटते. देणाऱ्याला पाहिजे तो चेहरा, आणि चेहरा खुलतो तो पाकीट उघडताना.

म्हणून दिवे लागणारी, आवाज करणारी, मोठ्या खोक्यातली खेळणी खपतात. ती उघडताना झकास दिसतात. चौथ्या दिवशी सेल संपतो, आठव्या दिवशी चाक निघतं आणि आई म्हणते, "एवढे पैसे घातले, खेळतसुद्धा नाही." पोराची चूक नसते. ते खेळणं मुळात आईबापाच्या एका मिनिटासाठी आणलेलं असतं.

दिवाळीचा किल्ला याच्या बरोब्बर उलट. माती, दगड, पोतं, अळीव पेरून उगवलेली हिरवळ, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. मावळा हातात दिल्यावर पोर ओरडत नाही. ते लगेच किल्ल्याकडे पळतं आणि पहारेकरी कुठे उभा करायचा याचा विचार करू लागतं. फोटोत सांगण्यासारखं काही दिसत नाही, पण खेळ आठवडाभर चालतो.

अचानक मिळण्याची मजा वेगळीच असते, हेही खरं. तिचा धंदाही होतो आणि तो बारामतीतही होतो. फरेरो कंपनीचा कारखाना बारामती एमआयडीसीत आहे आणि तिथे किंडर जॉय तयार होतं. अर्ध्या भागात गोड, अर्ध्यात खेळणं, आणि कुठलं खेळणं ते उघडेपर्यंत कळत नाही. अंड्यात खेळणं लपवण्याची ही कल्पना याच कंपनीने १९७४ मध्ये इटलीत आणली होती. दुकानात ते फोडणाऱ्या पोरापेक्षा त्याच्यावर वाकलेल्या आईकडे पाहिलं तर उत्सुकता कोणाला जास्त आहे, असा प्रश्न पडतो.

श्रेय कोणाला?

दिवाळी आणि सांताक्लॉज यांत एक मोठा फरक आहे. दिवाळीत देणारा उघड असतो. "पप्पांनी आणलं", "मामाने घेतलं" हे पोर गल्लीभर सांगत सुटतं. सांताच्या प्रथेत मात्र देणारा लपतो. चौथ्या शतकातल्या मायरा गावच्या संत निकोलसच्या गुप्तदानाच्या कथांतून ही परंपरा आली. आईबाप रात्री उशाशी वस्तू ठेवतात आणि सकाळी सगळं श्रेय एका दाढीवाल्याला जातं.

पिंपळीसारख्या गावातल्या बापाला हा सौदा पहिल्यांदा अंमळ तोट्याचाच वाटेल. पैसे आपले आणि नाव सांताचं! पण त्यात एक मोकळीक आहे. आभार मानून घ्यायचे नाहीत, "आवडलं का?" विचारायचं नाही, फक्त बघायचं. दिलेल्या वस्तूचं ओझं मुलावर राहत नाही.

महाराष्ट्रात नाताळ काही नवा नाही. हा शब्दच पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. वसई किंवा अहिल्यानगर भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत या सणाला नवे कपडे असतात आणि करंज्याही असतात. तिथली आई आणि पिंपळीतली दिवाळीतली आई एकमेकींना लगेच ओळखतील. नवीन आहे ते शाळा आणि मोबाइलवाटे आलेलं भेटवस्तूंचं नाताळ.

वर्गातल्या पोरांकडे काय आहे?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ॲलिसन प्यू यांनी कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये तीन वर्षं मुलं आणि पालकांमध्ये घालवली. २००९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं की हाताशी पैसे कमी असलेले पालक बाकी गरजांना कात्री लावून एखादी ठरावीक वस्तू घेतातच. कोणती? जिच्यामुळे मूल चारचौघांत बोलायला लायक ठरतं ती. त्याउलट सुखवस्तू पालक "आम्ही मुद्दामच घेत नाही" असं सांगण्यात प्रतिष्ठा मानतात, प्रत्यक्षात घरी बरंच काही असतं. प्यू यांच्या मते मुलांच्या जगात हा लाडाचा नाही, इज्जतीचा व्यवहार आहे.

हे वाचून उसाच्या पट्ट्यातल्या कुणालाही परकं वाटणार नाही. हप्त्यावर घेतलेली गिअरची सायकल बघून लोक "ऐपत नसताना कशाला?" म्हणतात. पण ती दिली त्या दिवशी पोर शाळेत मान वर करून गेलं, हे बापाने पाहिलेलं असतं. त्या आनंदाच्या खाली पुढच्या बारा हप्त्यांची काळजीही असते. दोन्ही खरं.

न आवडलेली भेट

कधी बेत फसतो. कॅरोलिन सार्नी यांनी १९८४ च्या अभ्यासात मुलांना आधी चांगलं बक्षीस दिलं आणि पुढच्या वेळी तान्ह्या बाळाचं कंटाळवाणं खेळणं हातात ठेवलं. लहान मुलांची, विशेषतः मुलग्यांची नाराजी तोंडावर दिसली. थोड्या मोठ्या मुली हसून वेळ मारून नेत होत्या.

घरात हे होतं तेव्हा चार वर्षांच्या पोराचं भोकाड परवडतं. नऊ वर्षांची मुलगी "छान आहे, आवडला" म्हणून फ्रॉकची घडी पुन्हा नीट घालते, ते आईला जास्त लागतं. मुलीला घरची परिस्थिती कळायला लागली, हे आईला तिथेच समजतं. अभिमान वाटतो आणि पोटात कालवतंही.

फडातली दिवाळी

याच पट्ट्यात आणखी एक दिवाळी असते. गळीत हंगामासाठी बीड, अहिल्यानगर भागातून ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवराबायकोच्या जोडीला इथे 'एक कोयता' म्हणतात. मुलं बरोबर आली तर उसाच्या फडाशेजारच्या कोपीत राहतात, नाहीतर गावी आजीजवळ. आता काही वसतिगृहातही राहतात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना आहे.

मूल मागे राहिलं की नवे कपडे निघण्याआधीच घेऊन ठेवलेले असतात. घातलेले बघायचे ते व्हिडिओ कॉलवर, तेही रेंज मिळाली तर. माप चुकलं हे फोनवर दिसतं आणि इथून काही करता येत नाही. मुलाचा आनंद बघणं ही वेगळी चैन आहे, हे या आईबापांइतकं कोणाला कळत नसेल.

मोबाइलचा उलटा प्रकारही आहे. मूल समोर आहे, आणि बाप कॅमेऱ्यातून बघतोय. "थांब, परत उघड, नीट आलं नाही." दुसऱ्यांदा उघडताना पोर हसतं, पण ते हसू सार्नींच्या मोठ्या मुलींसारखं असतं. एक फोटो काढून फोन खिशात टाकला तर बाकीचं डोळ्यांनी बघता येतं.

आणि मूल देतं तेव्हा

ॲकनिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन वर्षांच्या आतल्या बाळांनाही तपासलं. त्यांना खाऊ दिला आणि मग एका बाहुलीला तो द्यायला लावला. खाऊ मिळाला त्यापेक्षा दिला तेव्हा बाळं जास्त खूश दिसली, आणि स्वतःच्या वाट्यातला दिला तेव्हा सगळ्यात जास्त.

मराठी घरात यासाठी भाऊबीज आहे. बहीण ओवाळते, आणि बापाने मागून हळूच हातात सरकवलेली नोट भाऊ ऐटीत ताटात टाकतो. पैसे कोणाचे ते दोघांनाही ठाऊक असतं. तरी तो छाती फुगवून बसतो, ती नोट उलटीपालटी करून बघते, आणि आईबापाला एकाच वेळी देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन चेहरे बघायला मिळतात. संध्याकाळपर्यंत ती नोट 'सांभाळून ठेवायला' आईच्या डब्यात परत आलेली असते.