प्रतिसादी बहुवारिके आणि अर्बुदांची विविधता

१९४५ मध्ये वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी कमरेवर धोतर घट्ट नेसण्याच्या जागी उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. अर्बुद माणसाच्या राहणीशी निगडित असते व म्हणून सर्वत्र एकसारखे नसते, हे त्यातील मर्म होय. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन होऊन खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. दोनच वर्षांपूर्वी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली होती. औषध अर्बुदापाशी नेऊन तेथेच मोकळे करणारा अब्जांश वाहक घडविण्यास विकृतिशास्त्र व रसायन या दोहोंची गरज असते. परंतु त्यांच्या वाटा दीर्घकाळ निराळ्याच राहिल्या.

रसायनाची वाट अधिक सरळ होती. पॉलि-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलअमाइड हे बहुवारिक थंड पाण्यात विरघळते, पण सुमारे ३२° से. च्या वर साकळते, असे हेस्किन्स व गिलेट यांनी १९६८ मध्ये दाखविले. जेल परिस्थितीतील किंचित बदलाने एकाएकी आकसू शकते, हे तनाका यांनी १९७८ मध्ये सिद्ध केले. पुण्यात माशेलकर, लेले प्रभृतींनी १९९० नंतरच्या दशकात या फुगण्या-आकसण्यामागील हायड्रोजन-बंधांचे ऊष्मागतिक विवेचन केले. मूळ बहुवारिक ३७° च्या रक्तात शिरताच साकळले असते. म्हणून जलस्नेही एकवारिक मिसळून संक्रमणबिंदू ४०° च्या आसपास नेण्यात येतो. अर्बुद बाहेरून तापविले की औषध तेथेच सुटावे, अशी ही योजना आहे. ती सुबक खरी, पण तापविण्याची साधने मोठ्या रुग्णालयांतच असावयाची. जळगावनजीकच्या नशिराबादहून त्यासाठी मुंबई गाठावयाची तर चारशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, आणि तोही वारंवार!

अर्बुदाच्या अंगच्या आम्लतेवर विसंबणारे वाहक या दृष्टीने सोयीचे वाटतात. मात्र रक्ताचा सामू ७.४, तर अर्बुदाभोवतालचा सामान्यतः ६.५ ते ७. फरक थोडा, तोही अर्बुदागणिक वेगळा. पेशीने कण गिळल्यावर तो ज्या पुटिकेत जातो तेथे सामू ५ ते ६ पर्यंत उतरतो. आम्लात तुटणारा बंध तेथे अधिक भरवशाचा. पण तेथवर पोचतात किती कण? अर्बुदांच्या झिरपत्या रक्तवाहिन्यांतून महारेणू आत साठतात, असे मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले आणि पुढील सारी भिस्त त्यावर राहिली. २०१६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा घेता टोचलेल्या मात्रेपैकी अर्बुदात पोचणाऱ्या अंशाचे मध्यक अवघे ०.७ टक्के भरले. ते प्रयोगही बहुधा उंदरांतील वेगाने वाढणाऱ्या अर्बुदांवरचे होते. मानवी अर्बुदांतील वाहिन्यांचे झिरपणे रुग्णागणिक बदलते. त्यामुळे वाहक योजण्यापूर्वी प्रत्येक रुग्णात ते प्रतिमांकनाने अजमावण्याचे प्रयत्न आता होऊ लागले आहेत.