ब्रॉडबाल्क शेतांतील पाण्याचें दफ्तर

साधन म्हटलें कीं रुमाल, बाडें, ताम्रपट व शिलालेख आमच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु इंग्लंडांत रॉथॅम्स्टेड येथें एका गव्हाच्या शेताचें दफ्तर आहे. शेतांत घातलेल्या खताचा आसपासच्या पाण्यावर काय परिणाम होतो, या वादांत तें अस्सल पुराव्याच्या योग्यतेचें असल्यामुळें त्याची हकीकत येथें देतों.

जॉन बेनेट लॉज यांनीं जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांच्या साहाय्यानें १८४३ च्या शरद ऋतूंत ब्रॉडबाल्क शेतांत प्रयोग आरंभिला. एका पट्ट्यास खत मुळींच नाहीं, एकास शेणखत, इतरांस अमोनियाचे क्षार व खनिज खतें निरनिराळ्या प्रमाणांत, असा क्रम होता. १८४९ त पट्ट्यांखालून भाजलेल्या मातीचे नळ घातले गेले. १८६६ त त्यांचीं तोंडें मोकळीं केल्यावर प्रत्येक पट्ट्याचा पाझर निराळा घेतां येऊं लागला. ऑगस्टस व्होल्कर व एडवर्ड फ्रँकलंड यांनीं त्याचें पृथक्करण केलें.

निष्कर्ष स्पष्ट होता: अमोनियाचा क्षार जितका अधिक, तितकें पाझरांत नायट्रेट अधिक. माती अमोनिया धरून ठेवते असें जे. टी. वे यांनीं १८५० त दाखविलें होतें. मग खत वाहून गेलें कसें? १८७७ त श्लेसिंग व म्युन्ट्झ यांच्या शोधानें हें कोडें सुटलें. सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्रेट बनवितात आणि नायट्रेटास माती धरून ठेवीत नाहीं. शरदांत घातलेलें खत, पीक कोवळें असतांनाच, हिवाळी पावसाबरोबर निघून जाई.

स्फुरदाविषयीं मात्र जुना निर्णय टिकला नाहीं. तो मातींतच राहतो, असें प्रथम पाझर तपासणारांस वाटलें. परंतु त्याच शेताच्या नळांतील पाण्यावरून १९९५ त सिद्ध झालें कीं, दर किलो मातींत उपलब्ध स्फुरद सुमारें ६० मिलिग्रॅमच्या वर गेला म्हणजे तो पाझरांत झपाट्यानें उतरूं लागतो, व अशा पाण्यानें ओढ्या-तळ्यांत शेवाळ माजतें. दीडशें वर्षें तोच क्रम चालू होता, जुने आंकडे व १८४३ पासूनचे धान्यामातीचे नमुने जपलेले होते, म्हणूनच हा पूर्वनिर्णय फिरवितां आला.

या दफ्तराचा आमच्या देशाशीं एक धागा आहे. ऑगस्टस व्होल्कर यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ त हिंदुस्थानांत आले. त्यांचा शेतीविषयक अहवाल १८९३ त प्रसिद्ध झाला. शेण जाळलें गेल्यानें जमिनीस खत मिळत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. आज महाराष्ट्रांतील अनेक विहिरींत नायट्रेट दर लिटरास ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर आढळतें. त्यांत रासायनिक खताचा वांटा किती आणि सांडपाण्याचा व गोठ्यांचा किती, हें एका दिवसाच्या पृथक्करणानें ठरत नाहीं. त्यास पूर्वीच्या नोंदी लागतात.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुन्या कागदांत विहिरीच्या पाण्याच्या पृथक्करणाचा एखादा चिटोरा, किंवा खतखरेदीची वही सांपडल्यास ती रद्दींत टाकूं नये. सनदेइतकेंच तेंहि साधन आहे.