१२३४५६७८९८७६५४३२१

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी विषम नैसर्गिक संख्या आहे. ती १११११११११ या संख्येचा वर्ग असून डावीकडून व उजवीकडून वाचल्यास सारखीच राहते. म्हणजेच ती पॅलिंड्रोम संख्या आहे. महाराष्ट्रातील गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांमध्ये तिचा समावेश होतो.

रचना

१११११११११ ला त्याच संख्येने उभ्या मांडणीत गुणल्यास नऊ ओळी मिळतात. प्रत्येक ओळीत नऊ वेळा १ हा अंक असतो व पुढची प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे एककस्थानी एक, दशकस्थानी दोन, शतकस्थानी तीन असे १ जमा होतात. नवव्या स्थानी ते नऊ होतात आणि तेथून पुढे एकेकाने कमी होतात. कोणत्याही स्थानाची बेरीज ९ पेक्षा अधिक होत नसल्याने हातचा येत नाही.

दहा वेळा १ असलेल्या संख्येचा वर्ग करताना मात्र दहाव्या स्थानी हातचा येतो व उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळते. म्हणून १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत्या-उतरत्या अंकांच्या वर्गांच्या मालिकेत प्रस्तुत संख्या नववी आणि शेवटची आहे.

अवयव

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७. यावरून प्रस्तुत संख्येचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² असे येतात. तिला एकूण ५ × ३ × ३ = ४५ विभाजक आहेत.

अंकांची बेरीज

या संख्येतील अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९² आहे. संख्येला या बेरजेने गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो, तर भागल्यास १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१, मिळतो. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. वरील नऊ वर्गांपैकी १, १२३२१ आणि प्रस्तुत संख्या या तीनच हर्षद संख्या आहेत.

डेम्लो संख्या

डेम्लो संख्येचे तीन भाग पाडता येतात. पहिल्या व शेवटच्या भागांची बेरीज केल्यास एकच अंक पुन्हा पुन्हा येतो आणि मधला भागही त्याच अंकाचा बनलेला असतो. येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मधला अंक ९ आहे. हे नाव मुंबईजवळच्या डोंबिवली रेल्वे स्थानकावरून पडले. या संख्यांची कल्पना कापरेकरांना तेथे सुचली होती.

कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणू येथे झाला. गणितातील पदव्युत्तर पदवी नसताना, १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शालेय शिक्षक म्हणून काम करीत त्यांनी हे संशोधन केले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर त्यांचे कार्य जगभर परिचित झाले.

इतर अंकपद्धती

मूळ अवयव व विभाजकांची संख्या लेखनपद्धतीवर अवलंबून नसते. पॅलिंड्रोम, हर्षद आणि डेम्लो हे गुणधर्म मात्र दशमान लेखनाशी निगडित आहेत. तरीही अशी रचना इतर पद्धतींतही आढळते. उदाहरणार्थ, अष्टमान पद्धतीत ११११११११ ऐवजी सात एकांच्या १११११११ या संख्येपर्यंतच हातचा टळतो व तिचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो.