मालीश राहिली, वस्ताद गेला

परवा पहाटे साडेपाचला मैदानावर फिरायला गेलो होतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी नेहमीसारखी पळत होती. एक पोरगा मात्र कडेला पोटरी धरून बसलेला. विचारलं, काय झालं? म्हणाला, "भाऊ, दोन दिवसापासून दुखत होतं. रात्री दोस्तानं लय जोरात दाबून देल्ली. वाटलं सकाळी मोकळी होईन. आता पाय टेकवतच नाई."

पोटरीवर निळं पडलं होतं. बहुतेक स्नायूला आधीच इजा झालेली होती आणि दोस्तानं प्रेमानं त्यावर ढोपर ठेवून जोर काढला होता. त्याला दवाखान्यात पाठवलं, पण दिवसभर तेच डोक्यात राहिलं. मालीश आपल्याला नवी नाही. मग ती करायची कशी आणि कधी नाही करायची, हे आपण विसरलो कधी?

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे शास्त्र कुणी शिकवायची गरज नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी आठवा. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा आवळून आलेला असतो. त्या दिवशी बैलाला काम नाही. आधी अंघोळ, मग कोमट पाण्यानं खांदा शेकायचा, मग तूप-हळद लावून हळूहळू चोळायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. क्रम बघा: आधी विश्रांती, मग शेक, मग चोळणं, मग खाणं. खांदा सुजलेला किंवा चिघळलेला असेल तर शहाणा शेतकरी तिथं चोळत नाही. बैलाच्या बाबतीत जे आपल्याला कळतं, ते पोराच्या पायाच्या बाबतीत कळत नाही, ही गंमतच आहे.

जुन्या ग्रंथांतही हेच सापडतं. चरकसंहितेत अंगाला तेल लावण्याची उपमा दिली आहे ती मडकं, कातडं आणि गाडीचा आख यांची. बंडीच्या आखाला वंगण नसेल तर काय होतं, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात 'मल्लविनोद' नावाचा एक भागच आहे. मल्लांचे प्रकार, त्यांचा खुराक, त्यांचा व्यायाम, सगळं त्यात येतं. पैलवान सांभाळणं ही एक पूर्ण व्यवस्था होती, असा त्याचा अर्थ.

ती व्यवस्था आपल्यापर्यंत आखाड्यातून आली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमींना बळ दिलं, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. आपल्या शेजारी अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं रोपटं लावलं. विदर्भातल्या कितीतरी गावांना कसरतीची गोडी या मंडळानं लावली. आखाड्यात जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या, की लहान पैलवान मोठ्याचं अंग रगडायचा. कधी तिळाचं तेल, कधी मोहरीचं. आपल्या भागात मोहाच्या बियांचं तेलही सांधे-स्नायूंना चोळतात. पण आखाड्यात तेलापेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच होती. बाजूला वस्ताद बसलेला असायचा. कोणाचं अंग रगडायचं, कुठं हात हलका ठेवायचा, आणि "आज तू मातीत उतरायचं नाही, गुमान झोप" हे कोणाला सांगायचं, ते तो ठरवायचा.

जगात दुसरीकडेही हाच विचार चालू होता. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला कसरतीची संस्था काढली. पुढं 'स्वीडिश मसाज' हे नाव जगभर त्यांच्याशी जोडलं गेलं. खरं तर त्यातल्या घासणं, मळणं, थोपटणं या प्रकारांची नीट मांडणी योहान मेझ्गर या डच डॉक्टरची मानतात. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढं आहे. याच लिंग यांच्या नावानं स्टॉकहोमला 'लिंगियाड' नावाचा कसरतींचा महोत्सव भरत असे आणि १९४९ च्या लिंगियाडला अमरावतीच्या मंडळाचं पथक गेलं होतं. त्याआधी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळीही मंडळानं आपले देशी खेळ दाखवले होते. म्हणजे वऱ्हाडातला आखाडा काही विहिरीतला बेडूक नव्हता.

आता खाशाबा जाधवांकडे येतो, कारण माझा मुद्दा त्यांच्यापाशी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले. प्रवासाला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत लांबली आणि ते थोडक्यात हरले. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवविरुद्ध उतरवलं गेलं, असं सांगितलं जातं. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो मागायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीनं पुढं सुवर्ण जिंकलं.

अंगात ताकद होती, डाव होते. "थांबा, या पोराला अर्धा तास द्या" म्हणणारा माणूस नव्हता. वस्ताद नसणं म्हणजे काय, ते हे.

मालीशनं नेमकं काय होतं, यावर आता संशोधनही झालं आहे. २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग फक्त एका पायाची १० मिनिटं मालीश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे नमुने तपासले. मालीश केलेल्या पायात दाहाच्या खुणा कमी आणि दुरुस्तीच्या खुणा जास्त दिसल्या. पण आपल्याकडे जे सर्रास सांगतात, की मालीशनं 'लॅक्टिक ॲसिड निघून जातं', ते काही दिसलं नाही. ते अ‍ॅसिड शरीर स्वतःच तासा-दीड तासात साफ करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे. २०२० मध्ये ब्रिटनच्या संशोधकांनी २९ अभ्यास, १०१२ माणसं एकत्र तपासली. ताकद, उडी, वेग, दम यांत मालीशनं वाढ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. दुखणं थोडं कमी झालं, लवचीकता थोडी वाढली.

म्हणजे मालीश खोटी नाही, पण जादूही नाही. १६०० मीटरचं टायमिंग मालीशनं कमी होत नाही. दुखणं जरा हलकं होतं, झोप बरी लागते, दुसऱ्या दिवशी सराव करवतो. सोळाशेच्या तयारीत हेही कमी नाही. पण झोप, जेवण आणि सुट्टीचा दिवस यांची जागा ती घेऊ शकत नाही.

म्हणून पोरांनो, एवढं लक्षात ठेवा. पळताना अचानक कळ आली, 'टक्' असं वाटलं, सूज आली, निळं पडलं, तर पहिले दोन-तीन दिवस तिथं चोळायचं नाही, ढोपर तर नाहीच नाही. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, थेट डॉक्टरकडे. आणि एका दिवसात शेकडो बैठका मारल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली तर तासभरही थांबू नका, किडनीवर बेतू शकतं. गोळी खाऊन दुखणं दाबायचं आणि पुन्हा पळायचं, हा तर आपणच आपल्याला दिलेला धोका.

२०११ च्या विश्वविजेत्या भारतीय क्रिकेट संघासोबत रमेश माने होते. खेळाडूंचे 'माने काका'. करोडोंच्या खेळाडूंना अंग रगडायला जाणता हात लागतो. मग शेतकऱ्याच्या ज्या पोराकडे वयात बसणारी शेवटची भरती उरली आहे, त्याच्या पोटरीची किंमत कमी कशी?

मागणी फार मोठी नाही. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खाजगी फिजिओथेरपिस्ट आहेत, तालुक्या-तालुक्यात अजून काही जुने पैलवान आहेत. भरतीच्या हंगामात आठवड्यातून एक सकाळ एखादा जाणकार मैदानाच्या कडेला बसला, तरी किती पाय वाचतील! लोकप्रतिनिधी मैदानावर लाखोंचे फलक लावतात. त्यात एका खुर्चीची आणि एका माणसाची सोय सहज बसते.

तो पोरगा महिनाभर पळू शकणार नाही. भरती तोवर थांबते का, बघू.

तुमच्या गावात आखाडा होता का? वस्ताद कोण होते? सांगा. ती माणसं अजून असतील तर त्यांना मैदानावर बोलवायला मी स्वतः गाडी घेऊन येतो.