खाडीच्या तोंडावरची वसई

आम्ही कोनहून बोलतोय, आमच्या बचत गटांच्या वतीने.

आमच्या गावाला खाडी लागून आहे. पलीकडे कल्याण, आणि पाण्याच्या कडेला दुर्गाडीचा किल्ला. हे पाणी उल्हास नदीचं. मुंब्रा-ठाण्याकडून वळसा घेऊन, कशेळी, काल्हेर, घोडबंदर करत ते समुद्राला मिळतं आणि जिथे मिळतं तिथे वसईचा किल्ला आहे. म्हणजे वसई ही आमच्याच खाडीच्या तोंडाशी आहे. तरी आमच्यातल्या बहुतेकींनी ती पाहिली नव्हती. वसई म्हटलं की केळी, पानवेल आणि फुलं, एवढंच डोळ्यासमोर यायचं. म्हणून यंदाची सहल देवदर्शनाची न ठेवता वसईची ठेवली. भिवंडी रोडला गाडीत बसलो की वसई रोडला उतरायचं, तिथून बसने किंवा रिक्षाने किल्ला. गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा वेळापत्रक बघूनच निघावं.

किल्ला म्हटल्यावर आम्हाला डोंगर, चढण, बुरूज एवढंच वाटलेलं. इथे चढण नाहीच. तटाच्या आत एक अख्खं शहर होतं. रस्ते, चौक, मठ, इस्पितळ, घरं आणि चर्च तर किती! आज बहुतेकांची छपरं गेली आहेत. उंच भिंती तेवढ्या उभ्या, त्यांच्या सांध्यांतून वड-पिंपळाची मुळं उतरलेली. सेंट जोसेफच्या मोठ्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे. हे चर्च सोळाव्या शतकातलं, १६०१ साली ते नव्याने बांधलं. त्याच्या कमानीखाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखते. आमच्यातली एक म्हणाली, "एवढं उंच बांधायला दगड कुणी वाहिले असतील?" हा प्रश्न लक्षात ठेवा.

थोडा इतिहास सांगायला हवा. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. त्याच्या पाठीमागे मोगल लागलेले, त्याला मदत हवी होती. पुढची दोनशे वर्षं वसई पोर्तुगिजांची. गोवा ही त्यांची राजधानी, आणि उत्तरेकडच्या सगळ्या मुलखाचा कारभार वसईतून. इथे जहाजं बांधली जात. इथला दगड इतका चांगला की गोव्याच्या चर्चसाठीही तो नेला जाई. तटाच्या आत राहायचा मान खानदानी पोर्तुगिजांना. आपल्यासारख्यांनी काम करायला आत यायचं.

ह्याच वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. लहानपणी जेझुइट पाद्र्यांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे व्यापार केला, नंतर मनिलात फ्रान्सिस्कन मठात शिरला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर चढवून मारलं. १८६२ साली पोपने त्याला संत ठरवलं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. किल्ल्यात त्याच्या नावाचं चर्च आहे. त्याच्या आईबद्दल आमच्या वाचनात एवढंच आलं की ती वसईची होती.

आता जेझुइटांच्या चर्चकडे या. सगळ्या अवशेषांत ह्याचा दर्शनी भाग सगळ्यांत देखणा आहे. दाराशी कोरीव खांब, वर कमान. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक जोडपं लग्नाआधीचं फोटो-शूटिंग करत होतं. मुलगी लांबलचक गाऊन सावरत दारात उभी, फोटोवाला "मॅडम, हनुवटी वर" म्हणून ओरडतोय. आम्हालाही गंमत वाटली, आम्हीही फोटो काढले.

पण ह्या चर्चबद्दल वाचलेली एक गोष्ट आम्ही आधीच मनात घेऊन गेलो होतो. डॉ. गेर्सन द कुन्हा नावाच्या अभ्यासकांनी दीडशे वर्षांपूर्वी, १८७६ साली, वसई आणि चौलवर पुस्तक लिहिलं. इथल्या थडग्यांच्या दगडांवरचे पोर्तुगीज लेख त्यांनी वाचून ठेवले. ह्या चर्चमधल्या लेखांत दोन बायकांची नावं आहेत. एक इसाबेल द आगियार, मृत्यू जानेवारी १५९१. दुसरी दोना फिलिपा द फोन्सेका, मृत्यू जुलै १६२८. दोघी विधवा. पहिलीने इथल्या जेझुइटांच्या विद्यालयाला मोठी मदत केलेली. दुसरीने तर जिवंतपणीच आपलं होतं-नव्हतं ते सगळं चर्चला देऊन टाकलेलं.

आम्ही गटात हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो दानाचा नव्हता. "तिच्या नावावर होतं तरी काय?" द्यायला आधी असावं लागतं ना. चारशे वर्षांपूर्वीच्या विधवेकडे कुठून आलं?

त्याचं उत्तर वसईच्या जमिनीत आहे. पोर्तुगीज सरकारने ह्या भागातली गावंच्या गावं आपल्या लोकांना पट्ट्याने दिली होती. वर्षाला ठरलेला सारा सरकारला भरायचा आणि गावाचं उत्पन्न खायचं. असा पट्टा बहुतेक एक किंवा तीन पिढ्यांचा. लढाईत मेलेल्या शिपायांच्या बायकांना, मुलींनाही अशी गावं मिळत. शिवाय पोर्तुगालचा राजा लिस्बनहून अनाथ मुली जहाजाने गोव्याला पाठवायचा. त्यांना 'राजाच्या अनाथ मुली' म्हणत. त्यांच्या लग्नात हुंडा म्हणून सरकारी नोकरी किंवा उत्तरेकडचं एखादं गाव दिलं जाई. नोकरी नवऱ्याने करायची, पण गाव पोरीच्या नावावर, आणि तिच्यामागे तिच्या लेकीच्याही नावावर होऊ शकत होतं.

ऐकून आमच्यातल्या काहींचे डोळे चमकले. थांबा, अट ऐका. तिने लग्न पोर्तुगिजाशीच करायचं. गाव तिचं, पण नवरा कोण असावा हे सरकार सांगणार. सरकारला खरी गरज होती ती किल्ला राखणाऱ्या पुरुषांची. जमिनीच्या आशेने पुरुष इथे राहावा, संसार थाटावा, म्हणून ही सगळी मांडणी.

ह्याचा सगळ्यांत मोठा नमुना तर आपल्याला शाळेतच शिकवलाय, फक्त असा शिकवला नाही. मुंबई! १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरीनचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं आणि मुंबई बेट आंदण दिलं. कॅथरीनने मुंबई कधी पाहिलीसुद्धा नाही. पण त्या वेळी मुंबईवर आणखी एका बाईचा हक्क होता, हे फार कुणी सांगत नाही. दोना इनेश द मिरांदा ही विधवा मुंबईची जहागीरदारीण होती. फेब्रुवारी १६६५ मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात देण्याचे कागद झाले ते तिच्याच वाड्यात. घर तिचं, जमीन तिची, आणि कागद दोन राजांचे.

आता मघाचा प्रश्न, दगड कुणी वाहिले? त्या गावांत राबणारे होते आपलेच कुणबी, आगरी, कोळी, भंडारी. त्या काळच्या परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलंय की इथल्या कुळांची दशा गुलामांसारखी होती. गाव दुसऱ्याच्या हाती गेलं की कुळंही गेली. आणि ह्या मुलखातल्या विधवेचं दुःख आणखी वेगळं. अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करायचा हुकूम १५५९ साली निघाला. पुढे आई जिवंत असली तरी मूल नेलं जाऊ लागलं. एकाच राज्यात एका विधवेला गाव मिळतं आणि दुसरीच्या कुशीतलं मूल जातं. दोना फिलिपाचं दान आम्ही कमी लेखत नाही. पण तिने जे दिलं ते कुणाच्या घामातून आलं, हेही तिथेच बोललं पाहिजे असं आम्हाला वाटलं.

ह्या जुलमाविरुद्ध उठाव झाला तो आपल्या भिवंडी तालुक्याला ठाऊक असायला हवा. अंजूरफाट्यावरून आपण रोज जातो. त्याच अंजूरचे गंगाजी नाईक. ही फिर्याद पेशव्यांपर्यंत नेण्यात आणि मोहिमेत त्यांचा मोठा वाटा होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. १७३९ च्या फेब्रुवारीत बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा वसईला वेढा घालून बसले. मे महिन्यात तटाखाली सुरुंग पेरून उडवले आणि किल्ला पडला. मराठ्यांची हजारो माणसं कामी आली. पोर्तुगीज शिपायांना हत्यारांसह बाहेर जाऊ दिलं. चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता. यश आल्यावर तिचं देऊळ बांधलं गेलं. आपण चैत्र अमावास्येच्या जत्रेला जातो ते हेच देऊळ. तेव्हा वसईच्या लढाईची एक खूण आपल्याच तालुक्यात आहे. दुसऱ्या खुणा लांब गेल्या. चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना दिल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत.

पुढचं थोडक्यात. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने ह्याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि पेशवाई त्यांच्या दावणीला बांधली. इंग्रजांच्या काळात किल्ल्यात ऊस लावून साखर काढायचाही प्रयत्न झाला. शहर तोपर्यंत ओस पडलं होतं.

चर्च मात्र संपली नाहीत, तटाबाहेर गेली. पापडी, रमेदी, निर्मळ, सांडोर, आगाशी ह्या भागातली चर्च आजही भरलेली असतात. आम्ही येताना एका चर्चमध्ये गेलो. प्रार्थना मराठीत चाललेली. बायका आपल्यासारख्याच, शेतातून आलेल्या. एका मावशीने आम्हाला बसायला जागा करून दिली आणि विचारलं, "कुठल्या गो तुम्ही?" कोन म्हटल्यावर तिला काही कळलं नाही, भिवंडी म्हटल्यावर हसली. किल्ला बांधणारे पोर्तुगीज गेले. ज्यांच्या आजे-पणज्यांनी हा धर्म घेतला ते इथलेच, इथेच राहिले, ह्याच मातीत राबले. काही जण पोर्तुगिजांचा राग ह्यांच्यावर काढतात, ते आम्हाला पटत नाही.

परतीच्या गाडीत बोलणं फिरून त्या दोन विधवांवर आलं. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने बाईला मिळालेली मालमत्ता पूर्ण तिची झाली. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ ला बाप हयात नसला तरी मुलीचा हा हक्क राहतो. नवरा कोण असावा ही अटही नाही! आणि आपण काय करतो? गोडाऊनांमुळे आपल्या तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला, तसे भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतात. गाडीत आम्ही हात वर करायला सांगितले. सही करून मोकळ्या झालेल्या निम्म्याहून जास्त. "माहेर तुटायला नको" हे प्रत्येकीचं कारण, आणि ते खोटं नाही. एक ताई म्हणाली, "मी सही केली तेव्हा कागद वाचलाच नाही. साडी मात्र चांगली होती." सगळ्या हसल्या, मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

तुम्हालाही वसईला जायचं असेल तर थंडीत जा. पावसाळ्यात गवत वाढतं, सापाची भीती असते. जेवण आणि पाणी बरोबर न्या, पायात चांगल्या चपला घाला. संध्याकाळी किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात सुकट-बोंबील घ्यायला विसरू नका. तिथेच जेटीवर उभं राहिलं की आमच्या कोनचं पाणी समुद्रात जाताना दिसतं.

आमची पुढची सहल वज्रेश्वरीची ठरली आहे. त्याआधीच्या मिटिंगला प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा सातबारा काढून आणायचा आहे. मोबाईलवरही निघतो. गट नंबर माहीत नसेल तर सासऱ्यांना विचारा. फेरफार कसा वाचायचा ते त्या दिवशी सगळ्यांना दाखवणार आहोत.